‘शुगर’ आणि ‘जॅगरी’ हे इंग्रजी शब्द आले कुठून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात साखर आणि गूळ यांच्याविषयी मत नसलेला माणूस सापडणे अवघड आहे. त्यामुळे शब्दांच्या उगमाविषयी येथे कोठेही बोलणे निघाले, की गाडी थोड्याच वेळात ‘शुगर’ या शब्दावर येते. त्या बोलण्यात पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत. विषय एका इंग्रजी शब्दाचा असला, तरी त्याचा माग काढताना त्याच घराण्यातले आणखी काही शब्द वाटेत भेटतात, आणि काही शब्द घराण्यातले नसूनही तसे भासतात. त्या दोघांचाही विचार करावा लागतो.

‘शुगर’ हा शब्द मूळचा आपला आहे, हे खरे आहे का?

होय, पण ‘आपला’ म्हणजे मराठी असे समजू नये. इंग्रजी ‘शुगर’ हा जुन्या फ्रेंचमधल्या ‘सुक्र’ या शब्दावरून आला. फ्रेंच शब्दामागे मध्ययुगीन लॅटिन आणि इटालियन रूपे आहेत, त्यांच्यामागे अरबी ‘सुक्कर’, त्याच्यामागे पर्शियन ‘शकर’, आणि सर्वांच्या मुळाशी संस्कृत ‘शर्करा’ व तिची प्राकृत रूपे आहेत. मराठीतला ‘साखर’ हा शब्दही त्याच ‘शर्करे’पासून निघाला. म्हणजे ‘शुगर’ हा ‘साखरे’चा मुलगा नव्हे, दोघे एकाच पणजीची पतवंडे आहेत, एक घरी राहिले आणि दुसरे परदेशी वाढले. ‘इंग्रजांनी साखर हा मराठी शब्द उचलला’ असा जो संदेश मोबाइलवर अधूनमधून फिरत असतो, तो एवढ्याचसाठी चुकीचा आहे. इंग्रजीत हा शब्द तेराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेला सापडतो. त्या वेळी इंग्रजी बोलणाऱ्यांचा मराठीशी कोणताही संबंध आलेला नव्हता.

संस्कृतात ‘शर्करा’ म्हणजे गोड पदार्थच होता का?

नाही. ‘शर्करा’ म्हणजे मुळात खडे, वाळू, कंकर. उसाचा रस आटवून जो कणीदार पदार्थ तयार झाला, तो दिसायला आणि दाताखाली कंकरासारखा लागला, म्हणून त्याला ते नाव मिळाले. जुना अर्थ पुसला गेला नाही. आयुर्वेदात मूतखड्याला ‘अश्मरी’ म्हणतात, आणि तो फुटून लघवीवाटे जाणाऱ्या बारीक खड्यांना ‘शर्करा’च म्हटले आहे, तेथे गोडाचा काही संबंध नाही.

मराठी माणसाला हा अर्थविस्तार समजायला फार कष्ट पडू नयेत. रस्त्यावर पसरतात ती खडी आणि देवळात हातावर ठेवतात ती खडीसाखर, यांत ‘खडी’ एकच आहे. ‘रवा’ या शब्दाचेही तसेच: लापशीचा रवा असतो, तुपाला रवा धरतो, आणि गूळ चांगला उतरला की तो रवाळ झाला असे आपण म्हणतो. आपल्या बाजारात गुळाच्या अख्ख्या ढेपेलाही ‘रवा’ म्हणतात, ही मात्र बाहेरच्या माणसाला गोंधळात टाकणारी गोष्ट आहे.

‘शर्करा’ची ‘साखर’ कशी झाली?

अगदी नियमाने झाली, आणि तो नियम पाहण्यासारखा आहे. संस्कृतातला ‘श’ महाराष्ट्री प्राकृतात ‘स’ होतो. ‘श्वशुर’ या शब्दाचा ‘सासरा’ झाला तो याच वाटेने. पुढे ‘र्क’सारखे जोडाक्षर प्राकृतात एकाच वर्णाच्या द्वित्वात बदलते, म्हणून ‘सक्करा’ किंवा ‘सक्खरा’ अशी रूपे मिळतात. पालीत ‘सक्खरा’ आहे. त्यानंतर मराठीच्या टप्प्यावर ते द्वित्व सुटे होते आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबतो: ‘चक्र’, ‘चक्क’, ‘चाक’, ‘सप्त’, ‘सत्त’, ‘सात’, ‘कर्म’, ‘कम्म’, ‘काम’. शेवटचा ‘आ’ गळून पडतो, जसा ‘जिव्हा’ या शब्दाचा ‘जीभ’ होताना किंवा ‘भिक्षा’ या शब्दाचा ‘भीक’ होताना गळला. या साऱ्या पायऱ्या एकत्र ठेवल्या, की ‘शर्करा’, ‘सक्खरा’, ‘साखर’ ही साखळी आपोआप जुळते. कन्नडमधला ‘सक्करे’ हा शब्द मात्र प्राकृतातून उसना घेतलेला आहे, कारण कन्नड ही द्राविडी कुळातली भाषा आहे.

युरोपातल्या लोकांना हा शब्द प्रथम कधी कळला?

उसाची बातमी शब्दाच्या आधी पोहोचली. अलेक्झांडरबरोबर ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात सिंधूपर्यंत आलेला त्याचा नौदलप्रमुख निआर्कस याने, मधमाश्यांवाचून मध देणाऱ्या बोरूंचे वर्णन केले होते; ते पुढे स्ट्रॅबोच्या भूगोलात टिकून राहिले. शब्द मिळतो तो इसवी सनाच्या पहिल्या शतकात. ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस ‘साक्खरोन’ नावाच्या पदार्थाविषयी लिहितो, की तो भारतात आणि अरबस्तानात बोरूंमध्ये मिळणारा गोठलेला मध असून मिठासारखा दिसतो आणि मिठासारखाच दाताखाली फुटतो. रोमन लेखक प्लिनीलाही हा पदार्थ औषध म्हणूनच ठाऊक होता. त्याच शतकातल्या एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने अरबी समुद्रातल्या बंदरांची जी माहिती लिहून ठेवली, तीत बारिगाझा म्हणजे भरूच आणि आसपासच्या किनाऱ्यावरून आफ्रिकेकडे जाणाऱ्या मालात गहू, तांदूळ, तूप आणि तिळाच्या तेलाबरोबर ‘साक्खरि नावाचा बोरूचा मध’ही नोंदवला आहे.

या रूपातला ‘ख’ महत्त्वाचा आहे. संस्कृत ‘शर्करा’त तो नाही, ‘सक्खरा’त आहे. यावरून हा शब्द ग्रीकांनी पंडितांच्या तोंडून नव्हे, तर प्राकृत बोलणाऱ्या व्यापाऱ्यांच्या तोंडून ऐकला, असे अनुमान निघते.

येथे कोल्हापूरकर हमखास ब्रह्मपुरीचा विषय काढतात. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती सापडली, आणि ती आज टाउन हॉलमधल्या वस्तुसंग्रहालयात आहे. सातवाहनकाळी या गावाचा रोमन व्यापाराशी संबंध होता, एवढे तिच्यावरून निश्चित म्हणता येते. पण मूर्ती इकडे आली म्हणून शब्द येथूनच तिकडे गेला, असे सिद्ध होत नाही. मूर्ती पाहून अभिमान वाटावा. तिला साक्षीदार म्हणून उभे करू नये.

मग इंग्रजी ‘शुगर’ हा ग्रीकमधूनच आला असेल ना?

बहुतेकांचा असाच समज होतो, पण तो बरोबर नाही. ग्रीक ‘साक्खरोन’ची वाट वेगळी आणि ‘शुगर’ची वाट वेगळी. ग्रीक रूपाची छाप रशियन ‘साखर’ या शब्दात दिसते. तो आपल्या ‘साखरे’शी इतका जुळतो, की पहिल्यांदा ऐकणारा मराठी माणूस दचकतो. पश्चिम युरोपाने मात्र हा शब्द अरबांकडून नव्याने घेतला.

याचा उत्तम पुरावा स्पेन आणि पोर्तुगालमध्ये आहे. अरबीत नामाआधी ‘अल’ हे उपपद लागते आणि ‘स’च्या आधी त्याचा उच्चार ‘अस्’ होतो, म्हणून ‘अस्-सुक्कर’. अरबांची सत्ता स्पेनमध्ये आठव्या शतकापासून होती, त्यांनी तेथे ऊस लावला, आणि स्थानिक लोकांनी शब्द उपपदासकट उचलला: स्पॅनिशमध्ये ‘असुकार’, पोर्तुगीजमध्ये ‘असुकर’. सिसिलीतही अरबांनीच ऊस नेला, पण इटालियन ‘झुक्केरो’त ते उपपद नाही, आणि फ्रेंच ‘सुक्र’ व जर्मन ‘त्सुकर’ यांतही नाही. कापसाच्या बाबतीत हीच विभागणी तंतोतंत दिसते. अरबी ‘कुत्न’ स्पॅनिशमध्ये ‘अल्गोदोन’ झाला, इटालियनमध्ये ‘कोतोने’, फ्रेंचमध्ये ‘कोतों’ आणि इंग्रजीत ‘कॉटन’. एकाच जातीच्या दोन शब्दांनी एकच ठसा दाखवला, तर तो योगायोग मानता येत नाही. इंग्रजी ‘शुगर’ला अंगी ‘अ’ चिकटलेला नाही, म्हणून तो स्पेनच्या नव्हे, तर इटली आणि फ्रान्सच्या बाजूने आला, हे उघड होते.

पर्शियन ‘शकर’मधला ‘श’ अरबीत ‘स’ कसा झाला, असाही एक उपप्रश्न असतो. अशी देवघेव त्या दोन भाषांत इतरत्रही दिसते: पर्शियन ‘मुश्क’ म्हणजे कस्तुरी अरबीत ‘मिस्क’ झाली, आणि निशापूर शहराचे अरबी नाव ‘नैसाबूर’ आहे.

इंग्रजी ‘शुगर’मधला ‘श’ आणि ‘शर्करा’मधला ‘श’ एकच आहे का?

नाही, आणि या एका प्रश्नावर सर्वांत जास्त वाद होतात. ऐकणाऱ्याला वाटते, की दोन्ही टोकांना ‘श’ आहे, तर मधल्या साऱ्या भाषांना वळसा घालून शब्द थेट गेला असावा. प्रत्यक्षात अरबीत तो ‘स’ झाला, फ्रेंचमध्ये ‘स’च राहिला, आणि इंग्रजीतही आरंभी ‘स’च होता, स्पेलिंगमध्ये आजही एच नाही, नुसता एस आहे. पुढे ‘स्यु’ असा जो उच्चार होता, त्यातले ‘स’ आणि ‘य’ एकमेकांत मिसळून ‘श’ झाला. ‘शुअर’ या शब्दाचे हेच झाले; ‘इश्यू’ आणि ‘टिश्यू’ यांच्या स्पेलिंगमध्येही एसच आहेत, उच्चारात ‘श’ आहे. म्हणजे मूळचा ‘श’ वाटेत हरवला आणि इंग्रजीच्या अंगणात दुसराच ‘श’ उगवला. फक्त दोन टोके पाहून जो निष्कर्ष काढतो, तो येथे फसतो.

‘जॅगरी’ हा शब्द ‘गूळ’ या शब्दाचे इंग्रजी रूप आहे का?

‘गूळ’ या अर्थी तो वापरला जातो, पण व्युत्पत्तीने तो ‘गुळा’शी नव्हे, ‘साखरे’शी जोडलेला आहे. ही गोष्ट कोल्हापुरात सांगितली, की क्षणभर शांतता पसरते.

घडले ते असे. मलबारच्या किनाऱ्यावर मल्याळममध्ये गुळाला ‘चक्कर’ किंवा ‘चक्करा’ म्हणतात. हे ‘शर्करे’चेच प्राकृतातून गेलेले रूप आहे, आणि तेथे ते ताडामाडाच्या किंवा उसाच्या रसापासून केलेल्या काळपट, न शुद्ध केलेल्या पदार्थाला लागले. पंधराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज त्या किनाऱ्यावर उतरले, पुढे त्यांनी हा शब्द ‘जागरा’ असा घेतला, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत ‘जॅगरी’ म्हणून पोहोचला. गंमत अशी, की पोर्तुगीज खलाशांच्या स्वतःच्या भाषेत ‘असुकर’ हा शब्द आधीपासून होताच. एकाच ‘शर्करे’ची दोन रूपे त्यांच्या तोंडात होती, एक अरबस्तान आणि स्पेनमार्गे मायदेशी आलेले आणि दुसरे कालिकत व कोचीनच्या बाजारात ऐकलेले, पण ती सख्खी भावंडे आहेत, असे त्यांना वाटण्याचे काही कारण नव्हते, कारण पदार्थ वेगळे, रंग वेगळा, भाव वेगळा.

इंग्रजीतही तसेच झाले. ‘शुगर’ आणि ‘जॅगरी’ हे एकाच मुळाचे दोन शब्द तीनेकशे वर्षांच्या अंतराने दोन दारांनी आत आले. यूल आणि बर्नेल यांनी अँग्लो-इंडियन शब्दांचा जो प्रसिद्ध कोश १८८६ मध्ये प्रकाशित केला, त्यात ‘जॅगरी’ हे ‘शुगर’चेच दुसरे रूप असल्याचे नोंदवले आहे. भाषाशास्त्रात अशा जोडीला द्विरूपे म्हणतात.

मग ‘गूळ’ या शब्दाचे मूळ काय?

संस्कृत ‘गुड’, ज्याचा एक अर्थ गोळा असाही आहे. आटवलेल्या रसाचा गोळा वळत असल्यामुळे दोन्ही अर्थ एकत्र नांदले. आपल्याकडे गूळ आणि शर्करा यांची गल्लत कधीच नव्हती: कौटिलीय अर्थशास्त्रात फाणित, गुड, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा असे उसाच्या रसाचे पाच वेगवेगळे पदार्थ मोजले आहेत, आणि त्यांतले फाणित म्हणजे साधारणपणे आपली काकवी. ‘गुड’ हा शब्द पूर्वेकडे गेला. मलय आणि इंडोनेशियन भाषांत साखरेला ‘गुला’ म्हणतात. म्हणजे पश्चिमेकडे साखरेचे नाव गुळाला लागले आणि पूर्वेकडे गुळाचे नाव साखरेला. भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी गुळाच्या खोक्यावर ‘जॅगरी’ छापलेले दिसते, तेव्हा आत गूळ आणि बाहेर साखर असा प्रकार झालेला असतो. व्यापाराला त्याने काही बाध येत नाही.

‘कँडी’चाही याच्याशी संबंध आहे का?

‘शर्करे’शी नाही, पण अर्थशास्त्राच्या वरच्या यादीतल्या ‘खंडा’शी आहे. ‘खंड’ म्हणजे तुकडा. आपली ‘खांड’ तीच. पर्शियन व अरबीत त्याचे ‘कंद’ झाले, अरबीत ‘कंदी’ हे विशेषण बनले, इटालियन व फ्रेंचमधून ‘सुक्र कांदी’ अशी जोडी इंग्रजीत ‘शुगर कँडी’ म्हणून आली आणि पुढे नुसती ‘कँडी’ उरली. ‘शुगर कँडी’ हा सबंध शब्द म्हणजे ‘शर्करा’ आणि ‘खंड’ यांचीच जोडी आहे. याच ‘कंदा’मुळे एक घरगुती कोडेही सुटते: ‘गुलकंदा’त कोणताही कंद, म्हणजे जमिनीखालचे मूळ नाही. पर्शियन ‘गुल’ म्हणजे गुलाब आणि ‘कंद’ म्हणजे खडीसाखर.

आणि ‘सॅकरिन’?

ते ग्रीक ‘साक्खरोन’वरून शास्त्रज्ञांनी पाडलेले नाव आहे. हा पदार्थ १८७९ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काम करताना कॉन्स्टंटिन फालबर्ग याला सापडला. त्यात साखर अजिबात नाही; नावात मात्र आहे.

‘मळी’ आणि ‘मोलॅसिस’ हे शब्द किती सारखे आहेत! त्यांचे मूळ एकच असणार.

मूळ एक नाही. साखर कारखान्यातून निघणारी मळी ‘मळ’ या शब्दावरून आली आणि तिचा अर्थ गाळ असा आहे. ‘मोलॅसिस’ पोर्तुगीज ‘मेलासो’वरून आला, आणि त्याच्यामागे मधाला असलेला लॅटिन शब्द ‘मेल’ आहे. पदार्थ एक, पहिली दोन व्यंजने एक, तरी नाते शून्य.

तसेच ‘सरबत’ हा शब्द ‘शर्करे’वरून आला, असे सांगणारे लोक भेटतात. तो अरबीतल्या ‘पिणे’ या अर्थाच्या धातूवरून आला; ‘शराब’ त्याच धातूची, आणि इंग्रजी ‘सिरप’ही त्याच्याकडूनच गेलेला. ‘बदनाम’मधला पर्शियन ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचा उच्चार जवळचा, अर्थ तोच, आणि दोघे एकमेकांना ओळखतही नाहीत. हे उदाहरण लक्षात ठेवले, तर पुष्कळसे वाद सुरू होण्याआधीच मिटतात.

इंग्रजी आणि संस्कृत एकाच कुळातल्या भाषा आहेत, तर ‘शुगर’ त्या नात्यामुळेच सारखा असेल का?

नाही, हे दोन प्रकारचे साम्य वेगळे ठेवावे लागते. इंग्रजीत मधापासून केलेल्या मद्याला ‘मीड’ म्हणतात. तो शब्द आणि संस्कृत ‘मधु’ ही खरी भावंडे आहेत: कोणी कोणाकडून घेतला नाही, दोघांनाही तो इंडो-युरोपीय पूर्वजांकडून वारशाने मिळाला, आणि ‘मधु’तल्या ‘ध’च्या जागी इंग्रजीत ‘ड’ येणे हेही नियमात बसते. ‘शुगर’ वारशाने आलेला नाही. तो मालाबरोबर, गोणीला लावलेल्या चिठ्ठीसारखा, एका बंदरातून दुसऱ्या बंदरात गेला. वारशाच्या शब्दांत ध्वनींचे नियम कसोशीने पाळलेले दिसतात, तर उसन्या शब्दात प्रत्येक मुक्कामाची धूळ चिकटलेली असते.

‘क्रोकोडाइल’ म्हणजे मगर हा शब्दसुद्धा ‘शर्करे’चा नातलग आहे, असे ऐकले. ही थट्टा आहे का?

पूर्णपणे थट्टा नाही. ग्रीक ‘क्रोके’ म्हणजे खडा, गोटा; काठावरच्या गोट्यांवर ऊन खात पडणारा प्राणी म्हणून मगरीच्या ग्रीक नावाचा पहिला भाग या शब्दाशी जोडतात, आणि काही अभ्यासक ‘क्रोके’ व ‘शर्करा’ हे शब्द मुळात एक मानतात. ग्रीक ‘क’च्या जागी संस्कृतात ‘श’ येणे हे ‘हेकातोन’ आणि ‘शत’ या जोडीतही दिसते. तरीही हे नाते लांबचे आणि अनुमानाचे आहे. ‘शुगर’ची वाट जितकी लिखित पुराव्यांनी बांधलेली आहे, तितकी ही नाही.

अशा एखाद्या शब्दाचा माग स्वतः काढायचा असेल, तर सुरुवात कोठून करावी?

उलट्या दिशेने, म्हणजे आजपासून मागे. शब्द त्या भाषेत प्रथम कधी लिहिलेला सापडतो, हे आधी पाहावे. कारण त्यापूर्वी ज्या भाषेशी संबंधच आला नाही, तिला यादीतून तेवढ्यानेच वगळता येते. मग शेजारच्या भाषांतली रूपे एकाखाली एक लिहावीत आणि एकेक ध्वनी का बदलला, याचे उत्तर त्याच भाषेतल्या दुसऱ्या शब्दांच्या उदाहरणाने द्यावे. शेवटी माल, माणसे किंवा सत्ता त्या वाटेने गेली होती का, हे इतिहासात तपासावे. मराठी बाजूसाठी मोल्सवर्थचा कोश आणि कृ. पां. कुलकर्णी यांचा व्युत्पत्तिकोश हाताशी असावा. मोल्सवर्थ शब्दापुढे संस्कृत, फारसी, अरबी अशी खूण देतो, पण मधल्या पायऱ्या देत नाही. त्या पायऱ्यांसाठी टर्नरच्या भारतीय आर्य भाषांच्या तौलनिक कोशाकडे वळावे लागते.

‘मला शुगर आहे’ असे आपण म्हणतो. यातला ‘शुगर’ हा शब्द परका मानावा की आपला?

कोश तयार करताना शब्दाचा निकटचा स्रोत आणि दूरचा स्रोत असे दोन्ही नोंदवतात, आणि निकटचा स्रोत इंग्रजी असल्यामुळे मराठीतला ‘शुगर’ हा इंग्रजीतून आलेला शब्दच मानावा लागेल. त्याचा अर्थही इकडे येऊन बदलला. आजाराच्या शास्त्रीय नावांत साखर कोठेच नाही. ‘मधुमेह’ म्हणताना संस्कृत मधाचे नाव घेते, आणि ‘डायबेटिस मेलिटस’मधला ‘मेलिटस’ म्हणजेही मधासारखा गोड. बोलण्यात मात्र त्या आजाराला इंग्रजी ‘शुगर’ने नाव दिले आणि चहातला पदार्थ ‘साखर’च राहिला. म्हणून ‘साखर सोडली, तरी शुगर काही उतरेना’ हे दवाखान्याच्या बाकावर ऐकू येणारे वाक्य लक्ष देऊन ऐकावे: त्यात ‘शर्करा’ दोनदा आली आहे, एकदा प्राकृतातून सरळ घरी आलेली, आणि एकदा इराण, अरबस्तान, सिसिली, फ्रान्स आणि इंग्लंड असा फेरा घालून परतलेली.